कोरड्या पायाचं काम

डोमाले सिकल हाये. सिकलसेल, रक्ताचा आजार. लाखनी-साकोलीकडं कोन्याही गावात इचारा, एखादं घर सापडतेच. थंडी लागली, पाय पान्यात बुडले, की त्याचे गुडघे न कंबर अशी दुखे का धट्टाकट्टा मानूस बोंबलला असता. डोमा बोंबलत नोता. भिताडाकडं तोंड करून पडून राहे. दहावीत तो वर्गापेक्षा दवाखान्यातच जास्त दिसला. मंग शाळेनं त्याले सोडलं का त्यानं शाळेले, काय फरक पडते.

अन् घर ढिवराचं. पान्यावर जगनारं.

गावात मच्छीमार संस्था हाये. तलाव सरकारचा, ठेका संस्थेचा. मोठं जाळं ओढाच्या दिवशी घरटी एक गडी पान्यात उतरलाच पाह्यजे, नाही उतरला त्या घराले वाटा नाही, हा तिथला नेम. बाप बुधराम होता तोवर तो उतरे. बाप मेला. माय जमुनाबाई म्हने मी उतरतो, तं लोकं हसले. मोठ्या जाळ्यात बाया उतरत नाही. तवा संस्थेचे अध्यक्ष लिलाधरकाका सभेत उठले अन् म्हनले, "पोरगा टायपिंग शिकला हाये. हापिसातल्या कॉम्प्युटरवर बसू द्या. तो खुर्चीत बसला म्हनजे त्याच्या घरचा गडी पान्यात उतरला, असं धरा ना बाप्पा."

लोकाइनं धरलं. सचिव टेकचंद तेवढा कुरकुरला, "आपन गारठाचं अन् यानं पंख्याखाली बसाचं. मजाच हाये." पन धरलं. तवापासून मायलेकाचं घर त्या खुर्चीवर चाललं. खुर्ची गेली तं पानी, दुसरं काही नाही, हे डोमाले झोपेतही माहीत होतं.

कॉम्प्युटर म्हनाल तं निव्वळ डबडं. कोन्या योजनेत आलता. सुरू केला की तारीख भलत्याच सालाची दाखवे, एक बटन दाबल्याबिगर पुढं सरकत नोता, अन् पडदा येईपर्यंत मानूस चहा पिऊन ये. या दिवाळीनंतर तो निळा पडला अन् उठलाच नाही. नवं विंडोज टाकाचं म्हटलं तं एवढ्या जुन्या मशीनीत ते बसत नोतं.

टेकचंदले तेच पाह्यजे होतं. "फेका भंगारात. लाखनीच्या कॉम्प्युटर सेंटरवरून कामं करून घेऊ. डोमाले बी मोकळं करू."

लिलाधरकाकानं डोमाकडं पाह्यलं. "सभेपर्यंत चालू करतं का बे?"

"करतो काका. विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो. जुन्या मशीनीवर चालते, अन् फुकट भेटते."

"फुकटचं?" टेकचंद हसला. "दवाई बी फुकटच भेटते ना तुले सरकारी दवाखान्यात? तब्येत दिसूनच राहिली."

डोमा उठला अन् साकोलीले गेला. तिथं प्रेरणाचं दुकान, लग्नाच्या पत्रिका न बॅनर छापे ती. दोघं एकाच टायपिंग क्लासले होते. तिच्या कॉम्प्युटरवर त्यानं लिनक्सचा पेनड्राइव बनवला.

"सोपं हाये का हे?" तिनं इचारलं.

"व्हिडिओत तं सोपं दिसते."

व्हिडिओवाल्याची मशीन सोपी असन. हे डबडं पेनड्राइव पाह्यलेच तयार नोतं. समोरचे दोन्ही छेद मेलेले, मागच्या चारातला एक जिवंत निंगाला. त्यातून सुरू झालं तं थोडा वेळ अक्षरं पळाली अन् पडदा काळाभोर. आत पंखा घरघर करे, बाहेर काही नाही. डोमानं पुन्हा केलं, पुन्हा काळा. दिवसभर तेच. टेकचंद दारातून डोकावे, "काय, अमावस्या सुटली का नाही?" असं इचारून जाये.

मोबाइलवर शोधता शोधता एका पोराचं लिहलेलं सापडलं. स्क्रीनच्या कार्डाले हात लावू नको, असं सांगनारा एक शब्द सुरुवातीच्या ओळीत टाकाचा. डोमानं तो शब्द टाकला अन् पडदा उजळला. तो खुर्चीत तसाच बसून राहिला, हात मांडीवर ठेवून.

मंग त्यानं घाई नाही केली. आधी संस्थेच्या साऱ्या फाइली दुसऱ्या पेनड्राइववर काढल्या. मंग डिस्क धुतली, लिनक्स बसवलं, फाइली परत टाकल्या. फाइलीइचे नावं इंग्रजी अक्षरात होते, एकेक नाव जुळवलं. सारे होते. प्रिंटर दोन दिवस रुसला होता, तोही बोलला. घरी येऊन मायले म्हने, "झालं व." जमुनाबाईनं त्या दिवशी अंड्याची भाजी केली.

पन फाइल उघडून त्यानं एकही पाह्यली नोती. नाव हाये म्हनजे आत मजकूर हाये, असंच कोन्हालेही वाटते.

सभा भरली. सारे सतरंजीवर, डोमा खुर्चीत. मशीन पटकन सुरू झाली, चहाची गोष्टच नाही. लिलाधरकाका खूश. "चालवला रे पोट्ट्यानं."

"मंग काढा ठेक्याचा अर्ज," टेकचंद म्हने. "उद्या भंडाऱ्याले द्याचा हाये. चुकला तं तलाव गेला दुसऱ्याच्या घशात."

डोमानं फाइल उघडली. आत मराठीचं एक अक्षर नाही. नुसता इंग्रजी कचरा, कंस, टिंबं, उलटे-सुलटे. दुसरी उघडली, तीच गत. तिसरी.

"हे काय भुताचं लिहलं हाये का?" मांगून कोनी बोललं.

डोमाले तवाच समजलं. संस्थेचा सारा कारभार टायपिंग क्लासच्या जुन्या मराठी फॉन्टात होता. त्या फॉन्टात आतून इंग्रजी अक्षरंच असते, फॉन्ट त्याइले मराठीचे कपडे घालते. फॉन्ट विंडोजसंगं धुऊन गेला. मजकूर तिथंच होता, उघडा पडला होता.

"फॉन्ट नाही हाये काका. मजकूर गेला नाही. उद्या सकाळी आनतो."

"गेला नाही? आमाले काय डोळे नाही का?" टेकचंद उठला. "फुकटच्या नादात संस्थेचे सारे कागद जाळले यानं. आता काय दाखवाचं भंडाऱ्याले, हे मंतर?"

लोकं घाबरले होते. तलाव गेला तं चुली थंड, अन् घाबरलेल्या मानसाले फॉन्ट काय समजावाचा. डोमा समजावत राहिला, त्याचा आवाज बारीक, टेकचंदचा मोठा. त्याच बैठकीत ठराव झाला. कामं लाखनीच्या सेंटरले, खुर्ची बंद. लिलाधरकाकानं खाली मान घालून सही केली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं डोमा साकोलीले. पत्रिका छापनारीजवळ तो फॉन्ट नसन तं कोनाजवळ असन. प्रेरणानं शटर वर केल्या केल्या देला. तो परत आला, हापिस उघडलं, फॉन्ट टाकला. सारी मराठी जागच्या जागी उभी झाली, काना-मात्रासकट. त्यानं अर्ज छापला. लिलाधरकाका तोच कागद घेऊन भंडाऱ्याले गेले, अन् तलाव संस्थेकडंच राहिला.

संध्याकाळी हापिसात डोमानं इचारलं, "काका, खुर्ची?"

काका चपलेत पाय सारत होते. "ठराव झाला बाप्पू. सही बी माहीच हाये."

"पन कागद तं सापडले ना."

"सापडले ते चांगलंच झालं," टेकचंद म्हने. "पन दर सभेले आमचा जीव टांगनीले लावाचा का तू? अन् बुधरामच्या घरचा गडी आता जाळ्यात दिसला पाह्यजे. नेम साऱ्याइले सारखा."

मोठं जाळं निंगालं पुस महिन्याच्या थंडीत. पान्यावर वाफ होती. जमुनाबाई पदर खोचून पारीवर, तलावाच्या बांधावर, उभी राहिली, "मी उतरतो, त्याले सोडा." दोन बायाइनं तिले धरून मांगं नेलं. कोनी हसलं नाही यावेळी. डोमानं शर्ट काढला, प्यांट गुडघ्यावर मुडपली, त्याचा काही उपयोग नाही हे त्याले माहीत होतं, पानी छातीएवढं होतं. दोर धरला अन् चालत गेला.

जाळं काठाले येईपर्यंत त्यानं दोर सोडला नाही. मंग चढावर त्याचे पायच उचलले नाही. चौघाइनं गाडीत टाकून लाखनीच्या दवाखान्यात नेला. नर्सनं बाटली लावली, कार्ड पाह्यलं अन् चिडली, "सिकल हाये, तं पान्यात कायले उतरला? माहीत नाही का तुले?"

"माहीत हाये म्याडम."

दुपारी वाटा घरी आला, दोन कतले मासे न थोडी बारीक मासोरी. जमुनाबाईनं रस्सा केला, डबा घेऊन बसनं दवाखान्यात आली. डोमा कांबळ्यात गुंडाळून पडला होता, ओठ पांढरे. ती खाटेजवळ बसली. डबा मांडीवर होता, अजून गरम होता. तिनं झाकन उघडलं नाही.