ती वळली ती फ्रेम

आधीच सांगतो, भूत-बित, आत्मा वगैरे माझ्या डोक्यात बसत नाही. अमरावतीत माझं व्हिडिओ शूटिंग अन् मिक्सिंगचं दुकान आहे. लोक ज्याला चमत्कार म्हणतात ते मी रोज कॉम्प्युटरवर करतो. तरी हे लिहून राहिलो...

बोंडअळीनं कापूस खाल्ला, ते साल होतं. भर दुपारी चांदूर रेल्वेकडचे एक काका आले. बायको वारलेली, परवा तेरवी, अन् घरात तिचा एक फोटो नाही! कॅमेरा दिसला की बाई तोंडावर पदर ओढायची.

"आमच्या पुतण्याच्या लग्नाची शूटिंग तुमीच केली होती ना? त्यातून काढून द्या भाऊ. मले तिचं तोंडच आठवून नाही राहिलं," म्हणाले अन् रडायला लागले.

फुटेज एचडी होतं. पण एचडी असलं म्हणून काय झालं, हलणारा माणूस एकेका फ्रेममध्ये पुसटच येतो. पंगतीत बुंदी वाढताना ती सापडली — पाठमोरी. फ्रेम-फ्रेम सरकवत शेवटपर्यंत गेलो. चेहरा कुठंच नाही.

"नाही जमत काका," म्हणत मी क्लिप एकदा शेवटची चालवली.

काका स्क्रीनजवळ सरकले. बायकोचं नाव घेणारी ती पिढी नव्हे. हळूच म्हणाले, "अवं... इकडं पाह्य ना जरा!"

बाई थांबली. बुंदीचं भांडं कमरेला टेकवलं, वळली अन् सरळ आमच्याकडे पाहून हसली! मी झटकन क्लिप थांबवून फ्रेम सेव्ह केली.

"हाक मारली का पाह्यतेच थे," काका म्हणाले. त्यांना त्यात काही नवल वाटलं नव्हतं.

प्रिंट घेऊन ते गेले. मी क्लिप पुन्हा लावली... दहादा लावली. बाई पाठमोरीच! फोल्डरमधला फोटो मात्र आजही आहे, एकदम स्वच्छ. कुणाला याचं कारण माहीत असेल तर सांगा बुवा, मला तर नाही सापडलं.

आता माझी बायकोही गेली. जन्मभर लोकांची लग्नं शूट केली, पण तिची एकच क्लिप आहे — अकोल्याला साळीच्या, म्हणजे तिच्या बहिणीच्या, लग्नातली, दारात पाठमोरी उभी. जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं ओढून मी ती लावतो. "अवं" म्हणतो. ती वळत नाही.

तिनं तरी काहून वळावं? बारा वर्षांच्या संसारात, "बॅटरी चार्जिंगले लाव" सोडून मी तिला हाक मारली कधी?

तरी रोज म्हणून पाहतो.