जपान्याच्या खुर्चीत बसलो तेव्हा

भूत-बित आपल्याला मान्य नाही. सकाळी आरशात बघतो, घाबरायचं ते तिथेच घाबरून होतं. शाळेशी आपलं चौथीतच खलास, म्हणून मी बोलतोय आणि मुलगी टाईप करतेय. मध्येच म्हणते, "अब्बा, नोबडी विल बिलीव्ह यू." नको ठेवू देत विश्वास. झालं ते सांगतो.

नव्याण्णव-दोन हजारची गोष्ट. दुबईत, बर दुबईच्या अल मनखूल भागात माझा छोटा कॅफेटेरिया होता. चार टेबलं, एक एसी... तोपण मूड असेल तर. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजनंतर तिथे रोज दामले सर यायचे. पुण्यात मासिकाचे मोठे संपादक होते. बायको गेली तशी मुलीने इकडे आणून ठेवलेलं. फ्लॅटमध्ये जीव रमेना. मी रत्नागिरीचा, मराठी बोलणारा. वाटलं, आता आपली दोस्ती जमणार.

कसली! सर बोलायचे फक्त जपानी लेखकांचं. तरुणपणी तिकडे राहून आलेले, त्यांच्या गोष्टी मराठीत छापलेल्या. एक लेखक म्हणे एका वाक्यासाठी अख्खा हिवाळा अडून बसला. मी म्हटलं, "सर, आमचा प्लंबर तसाच आहे." हसले नाहीत. दुसरा स्टेशनवर सोडायला आला तो गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकूनच उभा. आणि तिसरा त्यांचा जिगरी, वारलेला. नाव माझ्या जिभेवर बसेना, मी जपानीच म्हणायचो.

"इकबाल, त्यांच्यात आपला कप आपण भरायचा नसतो. समोरच्याने भरायचा. आपण त्याच्या कपावर लक्ष ठेवायचं."

"सर, आमच्यात त्याला वेटर म्हणतात."

तरी हसले नाहीत! पण त्या मेलेल्याचा जोक सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. मला तो जोक कधी कळलाच नाही.

रोज दोन कप मागवायचे. एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवून त्यात स्वतः सुलेमानी ओतायचे... सुलेमानी म्हणजे बिनदुधाचा चहा. सरांचा कप मी भरायचो. माझा? कोणीच नाही. मेलेल्या माणसाला गरम चहा, आणि जिवंत इकबालला कप धुवायचं काम. जळून कोळसा झालो होतो मी. रंग मुळातच तसा, म्हणून कोणाला दिसलं नाही.

एक दिवस ठरवलं, बस झालं. जपान्याचा कप मांडलाच नाही. माझा कप घेऊन त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. मी त्यांचा कप भरला आणि माझा रिकामा पुढे सरकवून ठेवला. म्हटलं, बघू आता. सर खिडकीबाहेर बघत बसले.

तेवढ्यात बाहेर हॉर्न. इकडे लोक गाडीतून उतरत नाहीत, चहा आपण नेऊन द्यायचा. रागात किटली हातातच घेऊन गेलो. गाडीवाल्याला चहा दिला, परत आलो...

माझा कप भरलेला. वाफ निघतेय.

दुकानात सर सोडून कोणी नाही. शेगडी बंद, किटली माझ्या हातात. आणि चहा लाल नाही, फिक्कट हिरवा! माझ्याकडे सुलेमानी आणि दुधाचा करक, तिसरा चहाच नव्हता.

"सर, हे कोणी ओतलं?"

सरांचं तोंड पांढरं पडलेलं. "मी बाहेर बघत होतो... वळलो तर..." कप उचलून वास घेतला. "त्याच्या घरचा आहे."

मी घोट घेतला. ओलं गवत उकळल्यासारखं. इतक्या जळफळाटाने मिळवलं काय, तर गुरांचा चारा!

"इतकी वर्षं त्याचा कप मी भरतोय," सरांचा आवाज चढला. "माझा एकदाही नाही भरला. आणि तुझा भरला? तुझा?"

या अल्ला... सर जळत होते. माझ्यावर!

"सर, मी काही सांगितलं नव्हतं त्याला..."

त्यांनी माझ्या हातातली किटली हिसकावली. "उद्यापासून तुझा कप मी भरणार. कोणी कितीही हॉर्न मारू दे, तू उठायचं नाहीस."

आणि भरला. पुण्याला परत जाईपर्यंत रोज भरला, अर्धा टेबलावर सांडून. हिरवा चहा पुन्हा आला नाही. कोणी ओतला, कुठून आला, आजपर्यंत पत्ता नाही. लोक म्हणतात, सरांनीच गंमत केली. पण त्यांचं ते तोंड मी बघितलंय हो... गंमत करणाऱ्याचं असं नसतं.

त्या खुर्चीत मी परत बसलो नाही, बाजूला स्टूल घ्यायचो. सर माझ्या कपात चहा ओतायचे... आणि बघायचे त्या खुर्चीकडे.