चहातली साखर

अण्णांचे, माझ्या वडिलांचे, थोडेच महिने उरले आहेत, हे मी त्यांच्यापासून लपवले होते. "बरे व्हाल," असे रोज म्हणत राहिलो.

काल वेदना कमी करण्यासाठी घरी येणाऱ्या डॉक्टरबाई खाटेजवळ बसल्या आणि त्यांनी थेट अण्णांनाच विचारले, "काका, तब्येतीचं तुम्हाला काय वाटतं?"

अण्णा हसले. "मला मधुमेह. वीस वर्षं या माझ्या मुलानं चहात साखर पडू दिली नाही. आता महिनाभर हाच स्वतः दोन चमचे घालतोय. तेव्हाच कळलं, बाई."

आजाऱ्याचे उरलेले दिवस आपण दाराबाहेर कुजबुजत ठरवतो. बाई आत येऊन बसल्या, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मी अण्णांचा हात धरला. "चुकलो, अण्णा. तुमचं तुम्हालाच आधी सांगायला हवं होतं."