गराजमधलं उखळ

रविवारी सकाळी समोरच्या गराजमधून धप्प धप्प आवाज यायला लागला की आमचे हे चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "चला, घाना जागा झाला." ट्रॉय या अमेरिकन शहरातल्या आमच्या रस्त्यावर बाकी कुणाच्या घरातून साधा भांड्याचा आवाजही बाहेर येत नाही. त्यामुळे मला तो आवाज फार आवडायचा.

समोरची शेजारीण मूळची घानाची. माझ्याच वयाची, नर्स म्हणून रिटायर झालेली, नवरा गेलेला. एकुलती एक मुलगी इथेच जन्मलेली, गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, आईबरोबरच राहणारी. दर रविवारी या मायलेकी गराजचं दार वर करून फुफू कांडायच्या. उकडलेला कसावा आणि भाजीची केळी उखळात कुटून मऊ, चिकट गोळा करायचा आणि शेंगदाण्याच्या सारात बुडवून खायचा. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कसावा. हे कळलं तेव्हा मी उपासाच्या खिचडीचा डबा घेऊन तिच्या दारात उभी राहिले, आणि तिथून आमची मैत्री जमली. दुकानात फुफूचं तयार पीठ मिळतं, पण मी पाकिटातल्या पुरणपोळीकडे जसं बघते तसंच ती त्या पिठाकडे बघायची. उखळ तिने लग्नानंतर तिकडून आणलेलं होतं, एका अख्ख्या खोडातून कोरलेलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मुलीने जाहीर केलं की ती नोकरी सोडून घानाला जाणार. कसावा जमिनीतून काढला की दोन-तीन दिवसांत खराब व्हायला लागतो. म्हणून तिला आईच्या गावाजवळ वर्कशॉप काढायचं होतं. कसावा किसायची आणि पिळायची छोटी यंत्रं तिथेच बनवायची, आणि बंद पडली तर तिथल्याच वेल्डरला दुरुस्त करता यावीत अशी बनवायची. माझ्याकडे येऊन हे सगळं सांगताना तिचे हात एका जागी थांबत नव्हते.

"आंटी, मी इथे कित्येक वर्षं कारच्या दाराचं लॅच इम्प्रूव्ह करतेय," ती म्हणाली. "दार आधीही लागतच होतं."

मला हसू आलं, पण खरं सांगते, मी तिच्या आईच्या बाजूने होते. माझा मुलगा नोकरीसाठी याच देशात, चँडलरला गेला, तर मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. ही तर समुद्रापार निघाली होती. आणि तिची आई माझ्या स्वयंपाकघरात बसून डोळे पुसत होती. "तिथून निघायला मी जिवाचं रान केलं, आणि ही उलट तिकडेच निघाली? तिथे वीज टिकत नाही, दवाखाना लांब. आजारी पडली तर कोण बघेल?" मुलगी म्हणे, आईच्या डोक्यातलं गाव ती निघाली त्या दिवशीच थांबलंय. वर्ध्याजवळचं माझं गाव माझ्या डोक्यात अजून कंदिलावरच आहे, आणि तिथला भाचा मला रोज व्हिडिओ कॉल करतो.

मायलेकींचं बोलणं बंद झालं. रविवारचा धप्प धप्पही बंद झाला. त्या शांततेचा मला फार त्रास व्हायला लागला.

मग एका रविवारी शेजारणीचा फोन आला. "ये, मुसळ धर. मला फुफू खायचंय, आणि तिला मी बोलावणार नाही." हे म्हणाले, "तुझ्या दुखऱ्या शोल्डरचं काय? कॅन्सल कर ना यार." मी चपला घातल्या. लहानपणी गावात आई आणि काकूबरोबर मी पोत्याने मिरच्या कांडल्या होत्या, मला कोण शिकवणार!

तिथेच घोळ झाला. आमच्याकडे एका उखळात दोन बायका दोन मुसळांनी कांडायच्या. उखळात बघायचंच नाही, दुसरीच्या मुसळाचा आवाज झाला की आपलं टाकायचं. इथे मुसळ एकच. उभी असते ती घाव घालते, आणि बुटक्या स्टुलावर बसलेली दुसरी दोन घावांच्या मध्ये ओला हात घालून गोळा उलटते. पहिले चार घाव मी जपून घातले. मग हाताला जुनी लय सापडली, आणि तिच्या तळव्याचा चप्प आवाज ऐकताच मी सवयीने मुसळ टाकलं. तिचा हात अजून आत होता.

तिने तो कसाबसा ओढून घेतला. मुसळ उखळाच्या काठावर आदळलं. ती ओरडली तशी मुलगी घरातून धावत आली. आईचं एकेक बोट दाबून बघितलं. सगळी शाबूत होती. मग तिने माझ्या हातातून मुसळ काढून घेतलं.

दोघींनी सुरुवात केली. आधी सावकाश, मग नेहमीच्या वेगाने. मुलीची नजर आईच्या हातावर होती, आई मात्र वर बघतसुद्धा नव्हती. घाव, हात, घाव, हात. बऱ्याच वेळाने आई गोळ्याकडे बघतच म्हणाली, "तिकडे उलटायला कोण बसणार?"

"मावशी आहे, तिच्या सुना आहेत."

"त्यांना तुझा हात माहीत नाही."

"मग तू ये," मुलगी म्हणाली, आणि मुसळ वरच राहिलं.

"थांबू नकोस, गुठळ्या होतील."

मुसळ पुन्हा खाली आलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

जेवायला बसलो. माझ्यासाठी बिनमटणाचं सार वेगळं काढलेलं होतं. अर्धं जेवण झालं. मग शेजारीण मला म्हणाली, "तुझ्या गराजमध्ये उखळ मावेल ना? तिकडे ते घरोघरी आहे. हे एवढं ओझं कोण नेणार?"

मुलीचा हात वाडग्यातच राहिला. मला इतका आनंद झाला की रडू फुटलं, आणि माझी शेजारीण जाणार म्हणूनही फुटलं.

"मावेल," मी म्हटलं. "आमच्या ह्यांची ट्रेडमिल काढते."

"आणि उलटायला शिकून ठेव," ती म्हणाली. "मुसळ त्यांना दे."