न लिहिलेली शून्यं

"ठाव नाय तं लिवू नको," असं म्हणत मावशी पेनाचं टोपण दातांत धरायच्या आणि वहीतला रकाना कोरा सोडून उठायच्या. बसणं त्यांना जमायचंच नाही. खुर्ची होती, पण ती पिशवी ठेवायला.

पालघरजवळच्या माहीमच्या पुढे, किनाऱ्यावरच्या एका गावात, मच्छीमारांच्या सोसायटीच्या खिडकीवर त्या असत. गावाचं नाव सांगत नाही. समुद्रात गेलेल्या बोटींची नोंद त्यांच्याकडे होती: बोट कोणती, कधी गेली, माणसं किती. खाडीत दुरुस्तीला उभ्या असलेल्या बोटीपुढे शून्य. खिडकी उघडण्याआधीच पहाटे निघून गेलेल्या बोटीपुढे काहीच नाही. मग त्या बोटवाल्यांच्या घरी चकरा, "कोण कोण गेलंय?" तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना चहासुद्धा उभ्यानेच गोड लागतो.

मी तेव्हा बोईसरला एका छोट्या कॉम्प्युटर ऑफिसात होतो. वहीच्या जागी फॉर्म करायचं काम माझ्याकडे आलं. 'माणसं किती' हा रकाना भरायची फॉर्मवर सक्ती नव्हती, पण तो कोरा ठेवला की मागचा डेटाबेस नोंदच घ्यायचा नाही. त्याला तिथे आकडा हवा. मला घरी जायची घाई होती. कोऱ्याच्या जागी आपोआप शून्य जाईल अशी एक ओळ लिहिली आणि मोकळा झालो.

पहिल्याच आठवड्यात मावशींनी पकडलं. "मी शून्य लिवलंच नाय. हे कोणी लिवलं?"

"मावशी, कोरं काय नि शून्य काय, एकच ते."

"एक कसं? कोरं म्हंजे मला ठाव नाय. शून्य म्हंजे मला ठाव हाय, बोटीत कोण नाय."

मी हसलो. कॉम्प्युटरला एवढं कळत नाही, असं शहाणपण पाजळलं. खरं तर कळत मला नव्हतं.

एका दुपारी वादळी वाऱ्याचा इशारा आला. मावशी कामासाठी पालघरला गेल्या होत्या. सेक्रेटरींनी कॉम्प्युटरवरून यादी काढली. शून्य माणसांच्या बोटी खाडीतच आहेत असं धरून यादी त्यांना वगळायची, हीही माझीच करणी. बाकीच्यांना निरोप गेले. मावशी परतल्या, यादी एकदा वाचली आणि अनवाणीच वायरलेसकडे धावल्या. पहाटे गेलेली एक बोट तिच्यात नव्हती. ती तिन्हीसांजेला आली, पुढून फुटलेली, बोट हाकणाऱ्या तांडेलाचा हात मोडलेला. पाचही जण जिवंत होते. मावशींनी वाळूवर एकेकाला हात लावून मोजलं.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. बोटीपुढे शून्य, आणि नोंद करणाऱ्याचं नाव मावशींचं.

"वय झालं त्यांचं. कॉम्प्युटर नाय जमत," कोणीतरी म्हणालं.

मावशी येरझाऱ्या घालत होत्या. "मी नाय लिवलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी तिथेच होतो. नोकरी नवी होती. गप्प बसलो. सांगायला लाज वाटते, पण बसलो. मावशींनी खिडकीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेल्या.

आठ दिवस घास गोड लागेना. शेवटी कोरं ते कोरंच राहील असा रकाना दुरुस्त केला आणि चेअरमनना खरं काय ते सांगितलं. भले माणूस, स्वतः माफी मागायला गेले. मी मागोमाग. मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. परत यायला त्यांनी नकार दिला. मला म्हणाल्या, "तवाच बोलला असतास तं आले असते रे." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मावशींना जाऊन दोन वर्षं झाली. नवा फॉर्म नीट चालतो. जुन्या नोंदींत मात्र त्यांच्या नावापुढे अजून शून्यांची रांग आहे. ती दुरुस्त करायला मी कितीदा बसतो आणि तसाच उठतो. त्यातली त्यांनी लिहिलेली कोणती आणि माझी कोणती, हे एकट्या त्यांनाच माहीत होतं. त्या होत्या तोवर मी विचारायला गेलो नाही.