वाळवीने खाल्लेले संस्थापक

“चेहरा सोडून सगळं शिल्लक आहे,” दातार साहेब म्हणाले आणि त्यांनी एका तैलचित्राचा फोटो माझ्यापुढे सरकवला. पगडी होती, उपरणं होतं. मधे वाळवीने खाल्लेलं मोठं भोक.

मी शिल्पकार. नव्वदच्या दशकात शिरवण्याला भाड्याच्या शेडमध्ये पुतळे करायचो. दातार साहेब वाशीचे, रिटायर्ड इंजिनिअर आणि देशावरच्या एका जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचे सेक्रेटरी. ते कॉलेज एका वकिलाने देवळाच्या धर्मशाळेत सुरू केलं. सकाळी संस्कृत, दुपारी इंग्रजी आणि मधे देवळाचा प्रसाद. त्यावर जज, डॉक्टर, कलेक्टर तयार झाले. आता नवी मुंबईत शाखा निघत होती. गेटपाशी संस्थापकांचा बस्ट, म्हणजे छातीपर्यंतचा पुतळा, बसायचा होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

“त्यांना कुणी पाहिलंय?” मी विचारलं.

“नातवाने. रिटायर्ड जज आहेत, आमच्याच कॉलेजचे. अनावरण त्यांच्याच हस्ते आहे. फोन केला होता मी.”

“काय म्हणाले?”

“चेहऱ्यावर तेज होतं म्हणाले.”

तेज मातीत कसं काढायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बस्ट आधी मातीत करतात. क्लायंट ओके म्हणाला की साचा काढायचा, मग ब्राँझ ओतायचं. ओके द्यायला अख्खी कमिटी आली. लांब नाकाचे डॉक्टर म्हणाले, नाक लांब हवं. टकलू प्रोफेसर म्हणाले, पगडीखाली टक्कलच असणार. दातार साहेबांनी हळूच डबल चिन सुचवली. सगळ्यांचं ऐकून मी चेहरा केला.

“हा तर आपला कॅन्टीनवाला!” डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात शेडचे मालक म्हात्रे काका पंप बंद करायला आत आले. उंच, बाकदार नाक, पांढऱ्या मिशा. शिक्षण चौथी नापास.

“गर्दी कसली हाय? कोन मेला?”

कमिटी आपोआप उठून उभी राहिली. दातार साहेब माझ्या कानात म्हणाले, “हेच!”

“काका, तुमचा चेहरा हवाय,” मी म्हणालो.

“मना परत भेटंल ना?”

काका पगडी घालून बसले. मान हलवायचे नाहीत, पण तोंड बंद ठेवायचे नाहीत. त्यामुळे पुतळ्याचं तोंड किंचित उघडं राहिलं. कमिटीने त्याला ‘व्याख्यानाची मुद्रा’ म्हणून मंजुरी दिली.

अनावरणाला जज साहेबांनी पडदा ओढला आणि बघतच राहिले. दातार साहेबांचा रुमाल घामाने भिजला.

“आजोबाच!” जज साहेबांचे डोळे भरून आले. “मला असंच रागवायचे.”

कमिटीने टाळ्या वाजवल्या. जज साहेब वळले, आणि पहिल्या रांगेत म्हात्रे काका बसलेले. आमंत्रण मीच दिलं होतं. जज साहेबांनी एकदा पुतळ्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग पायऱ्या उतरून सरळ त्यांच्या पाया पडले.

काका अजिबात गडबडले नाहीत. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “शिक बाला, शिक. मोटा हो.”

“हे आमच्या नात्यातले कोण?” जज साहेबांनी विचारलं.

“लांबचे,” दातार साहेब म्हणाले.

पुढे दर संस्थापक दिनाला काकांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची. मी मात्र तेव्हापासून मॉडेलला अनावरणाला बोलवत नाही. बोलवावंच लागलं, तर मागे खांबाआड बसवतो.