पारीतलं सफरचंद

गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा माझ्या चिठ्ठीत 'ॲपल डम्पलिंग' आलं. अख्खं सफरचंद सोलायचं, गाभा काढून त्यात साखर-दालचिनी भरायची, मैद्याच्या पारीत गुंडाळून भाजायचं आणि वर लोणी-साखरेचा गरम पाक ओतायचा. बाईंनी वर्गात एकदाच करून दाखवलं होतं. परीक्षा चार दिवसांवर होती. अंथुर्णे गावातल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि वडील दुसरं वर्ष देतील याची मला खात्री नव्हती.

बारामतीच्या मंडईत मी चार सफरचंदं घेतली. फळवाल्याने पिशवी देताना विचारलं, "दवाखान्यात कोण हाय?" त्या काळी आमच्याकडे सफरचंद आजारी माणसासाठीच घेत. "कुणी नाही, मला करून बघायचंय," म्हटल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आजारी मीच आहे.

मी बारामतीजवळ जळोचीला मावशी-काकांकडे राहत होते. ओव्हन नव्हता. मोठ्या पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवायचा, असं ठरलं. मैदा मात्र मी घरच्या सवयीने मळला. आमच्यात मुलीचा हात कणकेवरून ओळखतात. मीही ती शाबासकी लहानपणापासून मिळवलेली. तेल लावून, तिंबून, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवून, पुन्हा मळून असा मऊसूत गोळा केला की मावशीही खूश झाली. भाजल्यावर सफरचंदाभोवती चामडं तयार झालं.

काकांनी एक घास बराच वेळ चावला. "पोरी, परीक्षा तुझी हाय का आमच्या दातांची?"

"तुमी गप बसा," मावशी म्हणाली. पण तिचाही घास तोंडातच होता.

दोन सफरचंदं संपली होती. मी रडकुंडीला आले. मावशी चौथीपर्यंतही शिकलेली नव्हती. तिने फक्त विचारलं, "तुमच्या बाईंचा हात कसा चालला व्हता, ते सांग."

"बोटांच्या टोकांनी मैद्यात थंड लोणी चोळत होत्या. रव्यासारखं होईपर्यंत."

"आगं, मग ही करंजीच की! मोहन घातल्यावर कुणी मळत बसतं व्हय?"

करंजीला ती मोहन कडकडीत तापवून घालायची. पण थंड लोण्याचं ऐकल्यावर तिने लोण्याचा गोळा माठातल्या पाण्यात सोडला. मग तो मैद्यात चोळला. थोडं पीठ मुठीत दाबलं. मुटका झाला आणि बोटाने ढकलताच सुटला. "हितं थांबायचं." गार पाणी शिंपडून तिने पीठ नुसतं एकत्र गोळा केलं. माझा हात मळायला पुढे गेला, तर तिने चापट मारली. "हात काढ!"

त्या दिवशीची पारी खुसखुशीत झाली. पाक तिच्या पापुद्र्यांत मुरला. काकांनी ताटली पुन्हा पुढे केली.

परीक्षेला पुण्याहून बाहेरच्या परीक्षक आल्या होत्या. मी मूठ दाबून पाहताना त्या टेबलाशी थांबल्या. डम्पलिंग चाखल्यावर म्हणाल्या, "पेस्ट्री छान झालीय. ही मुठीची पद्धत कुठं शिकलात?"

"वर्गात, मॅडम," मी म्हणाले.

करंजी, जळोची, मावशी हे शब्द तिथे उच्चारले तर गुण कमी होतील, असं मला वाटलं. शेजारी आमच्या बाई उभ्या होत्या. वर्गात त्यांनी ती पद्धत शिकवली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पास होणार हे कळलं होतं, तरी मी भांडी उगाच दोनदा घासली.

घरी आल्यावर परीक्षा कशी झाली, असं मावशीने विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं तेही खरं सांगून टाकलं. ती हसली. "बरं केलंस. माझं नाव सांगून नापास झाली असतीस म्हंजे?" आणि उठून भाकरी टाकायला गेली. नेहमी ती मला समोर बसवून बोलत भाकरी करायची. त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाची वही जमा करायची होती. कृतीच्या पानावर मी खाली लिहिलं, 'मोहनाचे प्रमाण मूठ दाबून पाहिले. ही पद्धत माझ्या मावशीने शिकवली.' बाईंनी ते वाचलं. "काल का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी त्या ओळीच्या अगदी खाली सही केली आणि वही एक दिवस घरी न्यायला दिली.

मी ते पान मावशीला वाचून दाखवलं. तिने पीठ लागलेले हात धुतले, पदराला पुसले, आणि म्हणाली, "कुठं लिवलंय? बोट ठेव बरं." मी तिचंच बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. ते तिने सहीपर्यंत हळूहळू सरकवत नेलं.